छताचे ‘यू-मूल्य’ आणि ‘आर-मूल्य’ म्हणजे काय? जुन्या स्लॅबसाठी त्यांचा विचार कसा करावा?
आत आणि बाहेर एक अंश सेल्सिअसचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आरपार जाते, याचे माप म्हणजे यू-मूल्य. ते जितके कमी तितके चांगले. आर-मूल्य हे त्याचे व्यस्त, म्हणून ते जास्त असावे. नुसत्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सहसा ३ च्या वर असते, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे, स्लॅबवर २५ ते ३० मिलिमीटर एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचा (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा) थर आणि त्यावर फरशी घातल्यास ती साधारणपणे गाठता येते. पांढरा परावर्तक रंग ऊन परतवतो आणि खर्चाच्या मानाने उत्तमच आहे, परंतु विक्रेता काहीही म्हणो, त्याने यू-मूल्य बदलत नाही.