मातृभाषा 1369 आणि भाषा 121, हे काय गौडबंगाल आहे?

प्रश्न असा आलाय की 2011 च्या जनगणनेत 1369 मातृभाषा आणि 121 भाषा असे दोन आकडे दिसतात, मग मातृभाषा ही भाषा नसते का, आणि बातमी लिहिताना कुठला शब्द वापरायचा?

तर इथे 'मातृभाषा' हा शब्द आपण भाषणात वापरतो त्या अर्थाने नाहीये. जनगणनेपुरती त्याची व्याख्या ठरलेली आहे, लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, आणि आई लवकर गेली असेल तर घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. गणना करणारा दारात येतो, तुम्ही सांगाल ते नाव तो लिहून घेतो. अशी 2011 ला 19,569 वेगवेगळी नावं जमा झाली, त्यात स्पेलिंगचे फरक, जातीची नावं, गावांची नावं सगळंच. ते निवडून, जुळवून 1369 उरली. त्यातली 10,000 किंवा त्याहून जास्त लोकांनी सांगितलेली 270, आणि ती 270 ज्या खात्यांत वाटली त्या 121 'भाषा'. म्हणजे मातृभाषा हे माणसाचं उत्तर आणि भाषा हे ऑफिसने केलेलं वर्गीकरण, एवढाच फरक आहे.

आता हे वर्गीकरण म्हणजे नुसतं भाषाशास्त्र असतं असं समजू नका. आपल्याच राज्याचं बघा ना, मालवणी तिथे कोकणीत धरलीये, बंजारा लोकांची भाषा हिंदीत गेलीये आणि अहिराणी मात्र 'खानदेशी' या वेगळ्या भाषेखाली आहे, मराठीखाली नाही. हिंदीचे 52 कोटी म्हणतात त्यात स्वतः 'हिंदी' असं सांगणारे 32 कोटीच आहेत, बाकीचे भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी वगैरे सांगणारे, नुसती भोजपुरीच 5 कोटींच्या वर! मला हे खरंच खटकतं, कारण माणसाने सांगितलेलं नाव टोटलमध्ये दिसेनासं होतं.

अहिराणीला मराठीपासून वेगळं धरणं तर जुनं आहे. जॉर्ज ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय भाषांचं जे सर्वेक्षण केलं (खंड 1903 ते 1928 मध्ये निघाले, 179 भाषा आणि 544 बोली मोजल्या), त्यात मराठीचा खंड 1905 चा, पण खानदेशी त्यात नाहीच, ती भिल्ली भाषांबरोबर वेगळ्या खंडात. त्यांची पद्धत फार छान होती, बायबलमधल्या उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलीत करून घ्यायची, शिवाय तिथलाच एखादा मजकूर आणि ठरलेल्या शब्दांची यादी, म्हणजे सगळं शेजारी ठेवून ताडून बघता येतं. अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी आंडेर, 'मला'ला माले, 'माझा'ला मना, 'मी करतो'ला मी करस. माले ऐकून वऱ्हाडी आठवते, आंडोर ऐकून पुणेकर गप्प होतो. ही कुणाची बोली म्हणायची, सांगा! ग्रियर्सननेच लिहिलंय की भाषा आणि बोली हे शब्द पर्वत आणि टेकडीसारखे आहेत, एव्हरेस्टला पर्वत म्हणायला कुणाची हरकत नसते, पण मधे कुठे रेघ मारायची ते नक्की नाही सांगता येत. भाषांचे अभ्यासक गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात तर 780 भाषा नोंदल्या गेल्या, कारण तिथे 10,000 ची अट नव्हती, ती अट जनगणनेत 1971 पासून आली, त्याआधी 1961 ला 1652 मातृभाषांची यादी छापली होती. त्यामुळे '1652 च्या 121 झाल्या, बाकीच्या मेल्या' असं जे फॉरवर्ड फिरतं ते साफ चुकीचं आहे, दोन वेगळ्या गोष्टी मोजून वजाबाकी केलीये.

तेव्हा लिहिताना '1369 भाषा' लिहू नका आणि '1369 बोली' तर अजिबातच नको, कारण त्यात मराठी, तमिळसुद्धा आहेत. 'लोकांनी नोंदवलेल्या 1369 मातृभाषा' लिहा, आणि 121 लिहायचं असेल तर 'जनगणनेच्या वर्गीकरणानुसार 121 भाषा'.