शाळेच्या वयाची मुलं किती आणि कोणत्या समाजातली, हे भारतात कसं मोजतात?

दोन वेगळ्या मोजण्यांतून. यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदीत शाळा दरवर्षी आपल्या पटावरच्या मुलांची माहिती भरतात: लिंग, इयत्ता, प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांगत्व. २०२२-२३ पासून ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावानिशी भरली जाते, त्यामुळे एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवणं अवघड झालं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पण पटावर नसलेलं मूल इथे दिसतच नाही. त्यासाठी जनगणना लागते, आणि शेवटची झाली २०११ मध्ये. तेव्हा सहा वर्षांची असलेली मुलं आता विशी गाठून बसली! म्हणून ६ ते १४ वयाची एकूण मुलं अंदाजाने धरावी लागतात. नोंदणीचं ढोबळ प्रमाण, म्हणजे त्या वयाच्या एकूण मुलांच्या तुलनेत त्या इयत्तांच्या पटावर किती मुलं आहेत ते, कधी १०० टक्क्यांच्या वर जातं ते काहीसं यामुळे, आणि बरंचसं वयाने मोठी किंवा लहान मुलंही त्या इयत्तांत मोजली जातात म्हणून. त्यामुळे '१०० टक्के' वाचून सगळी मुलं शाळेत आहेत असं कृपया समजू नका. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं बीडचं पोर पटावर असतं, वर्गात नसतं.

जातनिहाय आकडे हवे असतील तर २०२७ च्या जनगणनेची वाट बघा. तीत जात विचारली जाणार आहे.