निकाल शंभर टक्के, पण किती लेकरांचा?

"मॅडम, झेडपीच्या प्रशालेत घातलं तर लेकराचं वाटोळं होईल का?"

२०२४च्या जून महिन्यात सल्ला विचारायला माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. घडी घालून घालून मऊ झालेलं. तालुक्यातल्या एका खासगी, विनाअनुदानित इंग्रजी शाळेचं. वरच्या बाजूला ठळक अक्षरात 'दहावीचा निकाल सलग १०० टक्के' आणि खाली मुलांचे फोटो. बाई आशा कार्यकर्ती, नवरा काळी-पिवळी चालवतो. मुलगी गावच्या शाळेतून सातवी पास झालेली, गावात पुढचा वर्ग नाही. तिच्यासमोर दोनच वाटा होत्या, ही शाळा किंवा जिल्हा परिषदेची प्रशाला. खासगी शाळेची फी वर्षाला ४५,००० आणि बसचे वेगळे. त्यासाठी गंठण गहाण ठेवायचं घरात ठरत आलं होतं.

त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि दोन्ही शाळांची नावं लिहीत नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला प्रशाला म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुलं बहुतांशी खासगी संस्थांनी काढली आणि अनुदानावर चालवली. इथे निजामाच्या काळापासून तालुक्याच्या गावी सरकारी शाळा होत्या, त्या १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे गेल्या. त्यामुळे आमच्या तालुक्यात साठीच्या पुढचा कुणीही शिकलेला माणूस विचारा, तो प्रशालेचाच निघतो. आणि त्याच माणसाचा नातू प्रशालेत नसतो.

"तुम्ही आत जाऊन पाहिलीय का प्रशाला?" मी विचारलं.

"नाही. पण सगळे तसंच म्हणायलेत."

"सगळे म्हणजे कोण?"

बऱ्याच वेळानं तीन माणसं निघाली. नणंदबाई, दुकानदार आणि काळी-पिवळीतले प्रवासी. प्रवासी कोण ते माहीत नाही. दुकानदाराला मूलबाळ नाही. उरल्या नणंदबाई. त्यांचा मुलगा त्या रंगीत पत्रकवाल्या शाळेतच शिकला होता, म्हणून त्यांच्या शब्दाला घरात वजन.

पहिल्या भेटीत मी सल्ला दिला नाही. पूर्वी देत असे. निकालाचे आकडे बघायचे, दोन शाळा शेजारी ठेवायच्या आणि पालकांना सांगून मोकळं व्हायचं, असं मी काही वर्षं केलं आहे आणि त्याचा मला आज खेद वाटतो. कारण टक्का एकटा काही सांगत नाही. राज्याचंच बघा. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ साली ७७.१० आणि २०२० साली ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं झालं का? २०१९ला भाषांसारख्या विषयांचे शाळेनं द्यायचे २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शाळेचा निकाल बघायचाच असेल तर त्याच वर्षीच्या राज्याच्या निकालाशेजारी ठेवून बघावा, आणि त्याआधी एक प्रश्न विचारावा: हा टक्का कितीपैकी काढलाय? शाळेत आपण अपूर्णांक शिकलो, अंश वर आणि छेद खाली. पत्रकावर कुणी छेद छापत नाही.

बाईंना मी एवढंच सांगितलं की दोन्ही शाळांत जा, आणि आठवीत किती मुलं होती, त्यातली दोन वर्षांनी दहावीच्या परीक्षेला किती बसली, तेवढं विचारून या. सोबत मुलीला न्या.

दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा मुलगी बरोबर होती. खासगी शाळेच्या ऑफिसात त्यांना सांगण्यात आलं की ॲडमिशन घेतल्यावर सगळी माहिती मिळेल. प्रशालेत मुख्याध्यापकांनी हजेरीपटच पुढे ठेवले. २०२१-२२ला आठवीत ६२ मुलं होती. २०२४ला त्यातली ५७ दहावीला बसली, ४९ पास झाली. म्हणजे ८६ टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल ९५.८१. प्रशाला राज्याच्या बऱ्याच खाली होती, आणि हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. सरकारी शाळेबद्दल मला आपुलकी आहे म्हणून आकडा गोड करून सांगणं हे माझं काम नाही.

"आणि ती पाच लेकरं?" मी विचारलं.

"सरांनी न बघता सांगितलं. दोघं आईबापासोबत ऊसतोडीला गेली ती तिकडंच राहिली. दोघांनी दाखला नेला, एक पुण्याला, एक मामाच्या गावी. एका पोरीचं लग्न लावून दिलं. ते सांगताना सर खाली बघायले."

शाळा जोखायची माझ्याकडे जी काही मापं आहेत त्यात हे सगळ्यात वर आहे. सोडून गेलेलं लेकरू कुठं गेलं, हे शाळेतल्या कुणाला तरी ठाऊक आहे का? ज्या शाळेला ते ठाऊक असतं, तिथं बाकी बऱ्याच गोष्टी दुरुस्त होऊ शकतात.

मुलगी गप्प होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटलं गं दोन्ही शाळा बघून? तिनं आईकडे बघितलं, मग म्हणाली, "प्रशालेत मुलींच्या बाथरूमला कडी नाही. पाणी आहे." थोडं थांबून, "त्या शाळेत कडी आहे." बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी हा शाळेच्या दर्जाचा पहिला मुद्दा आहे. कडी नसलेल्या बाथरूमपायी महिन्यातले तीन-चार दिवस मुली घरी राहतात, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी तो प्रश्न स्वतःहून विचारते.

मग ती हळूच म्हणाली, "आत्याचा दादा म्हणला, तिथं नववीत काढून टाकतेत."

आई चमकली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

झालं होतं ते असं. नणंदबाईंचा मुलगा नववीत गणितात मागे पडला. शाळेनं आईवडिलांना बोलावून सांगितलं की याला नापास करावं लागेल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा, घरी अभ्यास करून दहावीला बसू द्या. १७ नंबर ही खरं तर चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्या मुलामुलींना, संसारात अडकलेल्या बायांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता यावी, यासाठी ती आहे. पण काही शाळा तिचा उपयोग गाळणीसारखा करतात. १७ नंबरवाल्याचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरला जात नाही. पोरगं नापास झालं तर ते त्याचं, शाळेचं शंभर टक्के शाबूत.

पुढच्या भेटीला त्या भाच्यालाच घेऊन आल्या. उंच, लाजरा मुलगा. बोटांवर मोजत त्यानं वर्गातली पोरं सांगितली. आठवीला ४८ होते. दहावीला शाळेतून ३१ बसले आणि सगळे पास झाले. बाकीच्यांत कुणी स्वतःहून गेलं असेल, पण १७ नंबर भरलेली सात जणं त्याला नावानिशी माहीत होती, आठवा तो स्वतः. मी कागदावर मांडलं. एकीकडे आठवीतल्या ६२पैकी ४९ त्याच शाळेतून दहावी पास झाली, दुसरीकडे ४८पैकी ३१. म्हणजे १००पैकी ७९ आणि १००पैकी ६५च्या आत. बाई कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग नणंदबाई का म्हणाल्या तीच शाळा चांगली?"

हा प्रश्न मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नणंदबाई खोटं बोलत नव्हत्या. मुलगा मागे पडला हा आपलाच दोष, शाळा तर चांगलीच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. शिवाय फीपायी एवढा पैसा घातलेला. चारचौघांत 'माझ्या पोराला काढलं' असं कोण सांगणार? शाळेचं नाव गावात असंच तयार होतं. ज्यांचं मूल फोटोत आलं ते बोलतात. ज्यांचं गळलं ते लाजेनं गप्प बसतात. प्रशालेचं नेमकं उलटं होतं. तिथं मूल घालणाऱ्यांचं चारचौघांत कुणी ऐकतच नाही. त्यांचं लेकरू शिकलं, नोकरीला लागलं, तरी ती गोष्ट किराणा दुकानापर्यंत पोचत नाही.

प्रशालेचं नाव खराब झालं ते नुसतं अफवेनं, असंही नाही. चांगल्या परिस्थितीतल्या घरांनी मुलं काढून घेतली की पट घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवली जातात तेव्हा, शिक्षकांची पदं कमी होतात. पदं कमी झाली की एका विषयाचा शिक्षक दुसरा विषय शिकवतो, आणि मग शिकवणं खरंच कच्चं होतं. वीस वर्षांत हे चाक इतकं फिरलंय की सुरुवात कुठून झाली ते आता कुणाला सांगता येत नाही. या प्रशालेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा त्या वेळी रिकामी होती. सेमीचा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा वर्ग होता, गणिताचे सर चांगले होते, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ नव्हती. पण इंग्रजी समाजशास्त्राच्या मॅडम शिकवत होत्या. हे सगळं मी बाईंकडून काढून घेतलं. गावातल्या बोलण्यापेक्षा या चार गोष्टी ठरवायला जास्त कामाच्या होत्या.

फोनवर युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकून वर्गवार पट आणि शिक्षकसंख्या कशी बघायची तेही दाखवलं. भाचा त्यात चटकन तरबेज झाला.

आणखी एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित शाळेत घातलं की ते दारच बंद. गंठण गहाण ठेवून आपण एक दार लावून घेतोय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीचे वडील शेवटच्या भेटीला आले. आकडे त्यांना पटले होते. तरी ते म्हणाले, "मॅडम, गाडीत लोक विचारतेत, पोरगी कुठं घातली? झेडपीत म्हणलं की तोंड बघतेत." मी त्यांना उडवून लावलं नाही. दिवसभर गाडीत बसून ऐकावं लागणारा माणूस तो. मी एवढंच विचारलं, त्या लोकांपैकी कुणी फी भरणार आहे का? ते म्हणाले, नाही, पण लग्नाच्या वेळी हेच लोक बोलतील. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मग मुलगीच बोलली, "पप्पा, माझ्या गावातल्या तिघी प्रशालेत जायल्यात. मला एकटीला त्या बसमध्ये नको." तिनं त्याआधी कधी वडिलांसमोर इतकं सलग बोललेलं नव्हतं, असं आई नंतर म्हणाली.

भाच्याचं वेगळं काम करावं लागलं. 'मी ढ आहे' हे त्यानं दीड वर्ष धरून ठेवलं होतं. त्याच्याशी मी सहा वेळा बोलले. १७ नंबरनं तो दहावी झाला आणि आता आयटीआयला वायरमन करतोय.

मुलगी प्रशालेत गेली. एनएमएमएसला पात्र झाली, पण निवड यादीत नाव आलं नाही. दोन दिवस रडली. इंग्रजीची जागा पहिलं वर्षभर रिकामीच राहिली. मात्र आई शाळा व्यवस्थापन समितीवर गेली. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात आणि निम्म्या महिला. पहिल्याच बैठकीत तिनं इंग्रजीच्या शिक्षकाचा ठराव लिहून घेतला, आणि त्याच्या आधी बाथरूमच्या कडीचा. कडी आठवड्यात बसली.

यंदाच्या मे महिन्यात तिचा फोन आला. शेजारच्या वस्तीवरची एक बाई विचारायला आली होती, प्रशाला कशी आहे म्हणून.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हणलं, माझं ऐकू नको. शाळा सुरू झाली की बुधवारी जाऊन ये. बाजाराचा दिवस असतो, लेकरं कमी येतेत, सरांनाही घरी जायची घाई असती. त्या दिवशी वर्गात काय चाललंय ते बघ." मग हसली. "आणि बाथरूमला आतून कडी लावून बघ म्हणलं."