दहा महिने गेले, दोन उरले

सिन्नरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. क्रूझवर शेफ आहेत. बायको इंडोनेशियाची, फ्लोरेस बेटावरच्या मांगाराई भागातल्या एका खेड्यातली. लग्न 2019 साली तिकडेच झालं, आधी चर्चमध्ये, मग नोंदणी कार्यालयात. दहा महिन्यांपूर्वी सासरच्या गावात बारा आर जमीन घेतली. पैसे यांचे, नाव बायकोचं. तिथे घर बांधायचं, चार खोल्यांचा होमस्टे काढायचा, मागे कॉफी लावायची, असा म्हातारपणाचा बेत आहे. "वकीलताई, ताबा आपलाच आहे, खरेदीला काही अडलं नाही. तरी एकदा विचारतो," असं म्हणून पुढे चार प्रश्न: माझा हक्क किती, मेहुण्याच्या नावावर करावी का, टुरिस्ट व्हिसावर येऊन-जाऊन राहता येईल का, आणि इथे रिटर्नमध्ये काय लिहू.

अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. देश तेवढे बदलतात, कधी थायलंड, कधी फिलिपिन्स. सगळ्यांत एक वाक्य असतंच: "जमीन बायकोच्या नावावर आहे, म्हणजे प्रश्न नाही."

भाऊ, प्रश्न तिथेच आहे. परदेशी माणसाला तिकडे जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं; म्हणूनच तुम्ही बायकोचं नाव लावलंत. पण इंडोनेशियाच्या विवाह कायद्यात, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. दोघांपैकी एक परदेशी. मग 1960 च्या जमीन कायद्याचं कलम 21 लागू होतं. लग्नामुळे मालमत्ता एकत्र होऊन परदेशी माणसाकडे मालकी आली, तर ती आल्यापासून एका वर्षात सोडायची. नाही सोडली तर हक्क आपोआप संपतो आणि जमीन सरकारजमा. नोटीस यावी, मग मुदत लागावी, असं त्यात काही नाही. दहा महिने गेले. दोन उरले.

"काही अडलं नाही" ते का, हे तुम्ही पाठवलेल्या ओळखपत्राच्या फोटोत दिसतं. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात छापलंय: बेलुम कावीन. म्हणजे अविवाहित. पाच वर्षांच्या मुलीची आई सरकारी कागदावर अजून अविवाहित, कारण लग्नानंतर कार्ड बदलायला कुणी गेलंच नाही. खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, नवऱ्याबद्दल विचारायचं कारणच उरलं नाही. विचारलं असतं तर त्याने पहिल्यांदा मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार मागितला असता, आणि तुम्ही दहा महिन्यांपूर्वीच जागे झाला असता. मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण उद्या वाद झाला तर समोरचा वकील नेमकं तेच म्हणेल.

आणि तो करार! लग्नाच्या वेळी नोटारिसने, म्हणजे तिकडच्या नोटरीने, मसुदा हातात दिला होता, हे तुम्हीच लिहिलंय. "लग्नाच्या तोंडावर वाटणीची भाषा नको" म्हणून सासऱ्यांनी तो बाजूला ठेवला आणि तुम्हीही मान डोलावली. सासरेबुवांचा मान राहिला, कलम 21 मात्र तुमच्या गळ्यात पडलं.

आता एक दार उघडं आहे. पूर्वी हा करार लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करता यायचा. इके फरिदा नावाच्या एका वकीलबाईंनी ते बदलून घेतलं. नवरा जपानी, करार केलेला नाही, म्हणून त्यांना स्वतःच्याच देशात घेतलेला फ्लॅट मिळेना. त्या घटनात्मक न्यायालयात गेल्या आणि 27 ऑक्टोबर 2016 च्या निकालापासून लग्नानंतरही हा करार करता येतो. त्यात वेगळं काही लिहिलं नाही तर तो लग्नाच्या तारखेपासून लागू धरतात. तुमचा सगळा आधार हा आहे. जमीन आधी आणि करार नंतर, अशा क्रमात आधीची जमीन पूर्ण सुटते का, यावर तिकडच्या नोटारिसांचं एकमत नाही, म्हणून हमी देत नाही. पण वर्ष संपायच्या आत झालेला करार आणि वर्ष संपल्यावर सुचलेला करार यांत फरक पडेल, हे सांगायला वकील लागत नाही.

तेव्हा आधी बायकोचं ओळखपत्र आणि कुटुंबपत्र दुरुस्त करा. मग नोटारिसकडून करार करून त्याची नोंदणी कार्यालयात नोंद घ्या. नोंद झाली नाही तर तो कागद कपाटात राहील, कामाला येणार नाही. हे दोन महिन्यांत बसत नसेल किंवा तो नोटारिस "आता उपयोग नाही" म्हणाला, तर जमीन खरोखर विकून मोकळं व्हा. घराच्या जागेपुरता वापराचा हक्क, हाक पाकाई, तिथे राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला मिळू शकतो. 2021 च्या नियमांत तो 30 वर्षं, पुढे 20 आणि पुन्हा 30 असा आहे. शेतीच्या तुकड्यावर तो धरून चालू नका.

मेहुण्याचा मार्ग मात्र डोक्यातून काढा. नाव त्याचं, आणि साध्या कागदावर "जमीन खरी भाऊजींची" असं लिहून घ्यायचं, हा सल्ला देणाऱ्याने त्याच जमीन कायद्याचं कलम 26 वाचलेलं नाही. आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी नेणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारकडे, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तुम्ही लिहून घेतलेला कागदच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

फोटोतल्या जमिनीबद्दल एक शंका. तुकडा पाचरीसारखा आहे, एका टोकाला निमुळता. मांगाराईत लिंको म्हणजे गावची सामाईक शेतं कोळ्याच्या जाळ्यासारखी मधल्या बिंदूपासून वाटतात; चांचारची शेतं बघायला पर्यटक जातात ती हीच. तुमचा तुकडा अशा शेतातला असेल तर विकणाऱ्याला तो विकायचा अधिकार होता का, हे गावातल्या जाणत्यांकडूनच कळेल. पत्रासोबत खरेदीखत आहे, मालकीचं प्रमाणपत्र दिसलं नाही. गावप्रमुखाचा दाखला म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय जमीन शेतीची असेल तर मालकाने त्याच उपजिल्ह्यात राहावं असा 1961 पासूनचा नियम आहे, आणि तुमच्या सौभाग्यवती गेल्या जूनपासून मुलीच्या शाळेसाठी नाशिकला आहेत. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे सिन्नरच्या माणसाला मी सांगायला नको. तिकडे तसं काही नसेल असं का धरलंत?

"ताबा आपलाच" हे वाक्य मी बाजूला ठेवते. इथे वाटपाच्या दाव्यात तारखांवर तारखा पाहिलेल्या माणसाला वाटतं, बारा वर्षं कोण विचारतंय. वर्ष भरलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडेही कुणी खांब रोवायला येणार नाही. पण विकताना, कर्ज काढताना, किंवा देव न करो, बायको आधी गेली तर, कुणीतरी फाइल उघडतंच. आणि वारसाने आलेल्या जमिनीलाही तेच एक वर्ष.

व्हिसाचं थोडक्यात. विमानतळावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा, एकदाच आणखी 30 दिवस वाढतो. त्यावर होमस्टे चालवणं म्हणजे काम करणं, आणि पाहुण्याला चहा दिला तरी गावात कोणाचं तरी लक्ष असतं. मुदत ओलांडली तर दिवसाला 10 लाख रुपिया दंड, 60 दिवसांच्या वर गेलात तर हद्दपारी आणि प्रवेशबंदी. बायकोच्या नावाने मिळणारा कुटुंबाचा राहण्याचा परवाना घ्या. त्यावर पोटापुरतं काम करायला तिथला कायदा वाव देतो, होमस्टेच्या परवान्यांचं तिथे विचारा.

रिटर्नचा प्रश्न सीएकडे न्या, पण माझं एक ऐका. ज्या वर्षी तुम्ही इथले रहिवासी धरले जाता, त्या वर्षी परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. ज्यात तुमचा लाभाचा हक्क आहे, तीसुद्धा. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांच्या दंडाचा प्रश्न येतो, आणि लहान रकमांना 2024 मध्ये दिलेली सूट स्थावर मालमत्तेला नाही. तेव्हा ते पैसे बायकोला दिलेली भेट होती की तुमची गुंतवणूक, हे खरं काय ते ठरवा आणि दोन्ही देशांत तेच सांगा. नाशिकला "माझी" आणि मांगाराईच्या मुख्य गावी, रुतेंगला, "तिची", हे चालणार नाही.

तुमचं जहाज पुढच्या महिन्यात सुटतंय असं लिहिलंय. ते चुकलं तरी चालेल. बायकोला सोबत घेऊन जा, आणि लग्नाचा मूळ दाखला घ्यायला विसरू नका. पत्रासोबत जोडलेल्या झेरॉक्सवर शिक्काही वाचता येत नाही.