ट्रम्पेटवर पोट भरेल का?

अरे, नुसत्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या आशेवर राहू नकोस. सिनेमातला ब्रास (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा आवाज) हल्ली बराचसा कीबोर्डवरच उरकतात. बोलावलंच तर नोटेशन (लिहिलेले सूर) समोर ठेवून लगेच टेक, म्हणजे रेकॉर्डिंग. म्हणून रोज एक नवं पान पहिल्या नजरेत वाजवून बघ. तुझं ट्रम्पेट बी-फ्लॅटचं (त्यावर सी वाजवला की पियानोचा बी-फ्लॅट ऐकू येतो), म्हणजे पियानोवाल्याचा सी हा सूर तुला डी म्हणून वाजवावा लागतो. हे बोटांत बसलेलं हवं, तिथे कागदावर हिशेब मांडायला कुणी थांबत नाही. दरमहा पगार हवा तर नौदलाचा बँड. म्युझिशियनची भरती निघते, त्यावर लक्ष ठेव. लग्नाच्या बँडला नाक मुरडू नकोस (दमसास तिथेच तयार होतो), फक्त सुपारीचा ॲडव्हान्स आधी घे. आणि दोन-चार शिकवण्या आत्ताच धर.