वाचक विचारतात : गच्चीवरून गच्चीवर प्रॅचेट यांचे नाव

प्रश्न : आमच्या वाचनालयात इंग्लिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट वाचणारे आठ-दहा जण आहोत. 12 मार्चला, त्यांच्या स्मृतिदिनी, शाळेच्या गच्चीवरून ग्रामपंचायतीच्या गच्चीवर त्यांचे नाव ‘क्लॅक्स’ने, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांतल्या झडपा उघडून-मिटून दुरून निरोप पाठवण्याच्या यंत्रणेने, पाठवायचे आहे. अंतर दीडशे मीटर. झडपांची चौकट कशी करावी? मराठी अक्षरे बसतील का?
— वाचकगट, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बसतात, आणि अगदी नेमकी बसतात. सहा झडपांच्या उघडझापीतून 64 खुणा मिळतात. ब्रिटिश नौदलाच्या 1796 च्या निरोप पाठवण्याच्या मनोऱ्यांवरही सहाच झडपा होत्या. वाटणी अशी करा : अ ते औ, ऋ धरून, 11 स्वर, ॲ, ऑ, अनुस्वार, विसर्ग; ङ आणि ञ सोडून 32 व्यंजने; हलंत, मोकळी जागा, 10 अंक, ‘चुकले, पुन्हा पाठवा’ अशी एक खूण, सगळ्या झडपा बंद म्हणजे विश्रांती. उरलेल्या तीन खुणा नावाआधी पाठवायच्या जी, एन आणि यू या अक्षरांच्या, त्यांचा अर्थ पुढे येतो. ॲ वगळू नका, त्याशिवाय ‘प्रॅचेट’ लिहिता येत नाही. ज्ञ उच्चाराप्रमाणे द्न्य पाठवा.

व्यंजनामागून आलेला स्वर मात्रा समजावा. इथेच घोटाळा होतो : म-ऊ पाठवले तर समोरचा ‘मू’ वाचेल. ‘मऊ’ हवे असेल तर म-अ-ऊ पाठवा.

चौकट चार फूट उंच, 33 इंच रुंद. सहा मिलिमीटर प्लायवूडचे एक फूट चौरस असे सहा तुकडे कापा, दोन-दोनच्या तीन ओळी लावा, सगळीकडे तीन इंच फट ठेवा. प्रत्येक ओळीत आठ मिलिमीटरची आडवी सळई घालून त्यावर झडप क्लॅम्पने सैल अडकवा. सळई झडपेच्या बरोबर मध्यावर आली तर झडप कुठेही थांबते आणि वाऱ्यावर फडफडते. ती मध्याच्या एक सेंटिमीटर वर हवी, म्हणजे खालची बाजू जड राहून झडप आपोआप बंद होते. तरीही वाऱ्याने उघडत असेल तर खालच्या कडेला एक नट बसवा. झडप सळईवर सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. खालच्या कडेची दोरी सळईच्या उंचीवर, मागे आठ इंचांवर बसवलेल्या कडीतून घ्या. ओढली की झडप आडवी होते. दोरी नायलॉनची घ्या, सुतळी ताणते आणि घासून तुटते.

झडपा काळ्या रंगवा आणि चौकटीमागे आकाशच दिसेल अशी ती उभी करा. मागे झाड किंवा भिंत आली की उघडी-बंद कळत नाही. एक फुटाची झडप नुसत्या डोळ्यांनी दोनशे मीटरपर्यंत नीट वाचता येते. पण मार्चमध्ये दुपारी तापलेल्या वावरावरून झळा उठतात आणि चौकट थरथरते, म्हणून सकाळी नऊच्या आत उरका. चौकट कठड्याला दोन ठिकाणी बांधा.

एक गोष्ट मात्र विसरू नका : चौकटी दोन हव्यात. प्रॅचेट यांच्या ‘गोइंग पोस्टल’ या कादंबरीतल्या संकेतात जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे टोकाला पोचल्यावर परत फिरवा. परत येणारच नसेल तर यूला अर्थ नाही. आणि एन पाळायचा तर उतरवून घेणाऱ्याने पाटीवर लिहावे, परतीचा निरोप गेला की पुसावे. रजिस्टरमध्ये ठेवू नये. ‘टेरी प्रॅचेट’च्या 12 खुणा, वर या तीन. खुणेला पाच सेकंद धरले, त्यातच विश्रांती आली, तर सव्वा मिनिटात नाव पलीकडे पोचते.

प्रश्न : प्रॅचेट यांचे अपुरे लेखन कधी छापले जाईल का?
— वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. त्यांच्याच इच्छेनुसार ते लेखन असलेली हार्डडिस्क 25 ऑगस्ट 2017 रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत वाफेच्या रोलरखाली चिरडली गेली. चाहत्यांना हे सोसणे कठीण गेले, तरी तो त्यांचा हक्क होता.

प्रश्न : 25 मे रोजी प्रॅचेट यांचे चाहते लायलॅक या सुवासिक, फिक्या जांभळ्या फुलांचा तुरा लावतात. आमच्याकडे काय लावावे?
— वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ही प्रथा त्यांच्या ‘नाइट वॉच’ या कादंबरीतून आली. लायलॅकला कडाक्याची थंडी लागते, आपल्याकडे ते फुलत नाही. बकाण निंबाची फुले रंगाने आणि वासाने जवळची, पण मार्च-एप्रिलमध्येच संपतात. मेअखेरीस त्याला हिरवी फळे असतात, आणि ती विषारी असतात. लहान मुलांच्या हाती देऊ नका. ताम्हण, म्हणजे जारूळ, घ्या. वास नाही, रंग मात्र तोच. पाकळ्या चुरगळलेल्या दिसतात, त्या तशाच असतात. पहाटे निम्म्या कळ्या असलेला तुरा कापा, तासभर पाण्यात ठेवा, देठाला ओला कापूस गुंडाळून मग खिशाला लावा. उन्हात नेलात तर दुपारपर्यंत पाकळ्या गळतील, म्हणून कार्यक्रम सकाळीच ठेवा.