मिथेन शून्य म्हणजे हवा शुद्ध नव्हे

जळगाव, धुळे, नंदुरबारहून येणारी पत्रं वेगळी असली तरी गैरसमज एकच असतो: लेझर मीटर (लेझरच्या किरणाने हवेतला वायू मोजणारं यंत्र) लावलं की सगळे वायू कळतात. म्हणून ही उत्तरं.

प्रश्न (रावेर): गोबरगॅससाठी घेतलेलं लेझर मीटर केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन (फळं पिकवणारा वायू) मोजायला चालेल का?

नाही. ते गोबरगॅसमधल्या मिथेनचं आहे, त्याला दुसरा वायू दिसत नाही.

प्रश्न (शहादा): मीटरवर ‘500 पीपीएम-मीटर’ आलं. म्हणजे हवेत 500 पीपीएम (दहा लाख भागांत 500 भाग) मिथेन का?

नाही. किरणाच्या वाटेवरच्या सगळ्या मिथेनची ती बेरीज आहे. मिथेन दहा मीटरभर सारखा पसरला असेल तर 50 पीपीएम. पाइपाच्या जोडाशी दहा सेंटिमीटरच्या झोतात असेल तर 5000. गळती हुडकायला हा आकडा उत्तम, प्रमाण सांगायला नाही.

प्रश्न (भुसावळ): धुराड्यातला वायू लेझरने मोजताना राखेने प्रकाश अडला, तर वायू जास्त दिसेल ना?

सहसा नाही. लेझरची तरंगलांबी आपण किंचित मागेपुढे सरकवत राहतो. त्या टप्प्यात राख सगळा प्रकाश सारखाच अडवते, वायू मात्र फक्त स्वतःच्या रेषेवर, म्हणजे त्याच्या ठरावीक तरंगलांबीवर, प्रकाश शोषतो. तेवढा खड्डाच मोजायचा. प्रकाश अगदीच क्षीण झाला तर त्या आकड्यावर विसंबू नका, काचा पुसा. तापमान आणि दाबाची दुरुस्ती तुमच्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरकडून तपासून घ्या.

प्रश्न (यावल): गोबरगॅसच्या टाकीचं झाकण उघडून लेझर मारला, मिथेन शून्य. गाळ काढायला माणूस उतरवू का?

उतरवू नका, दादा. हे मीटर 1653 नॅनोमीटरच्या आसपास मिथेनची रेषा पाहतं. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, त्याला दिसत नाही. ऑक्सिजनची रेषा 760 जवळ. तिथे हा लेझर पोचतच नाही. ‘कुजक्या अंड्याचा वास नाही, म्हणजे भीती नाही’ असं गावोगाव सांगतात. अहो, 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं! कोणी कंदील सोडून बघतात. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला तर तोच कंदील स्फोट घडवेल. शिवाय गाळ ढवळला की आत अडकलेला वायू सुटतो, म्हणजे मघाचं माप पाच मिनिटांत शिळं. एक जण कोसळतो, त्याला ओढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. गाळ बाहेरूनच पंपाने काढा. आत जाण्यावाचून इलाज नसेल तर बंदिस्त जागेच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी टाकीवर बोलवा. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असं चार वायूंचं मीटर वर, मध्ये, तळाशी लावून आणि काम चालू असेतो सतत मोजायचं असतं. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. 112 ला फोन लावा.

प्रश्न (धुळे): विक्रेता म्हणतो, लेझरला कॅलिब्रेशन (माप बरोबर आहे का ते ताडून पाहणं) लागतच नाही.

कमी लागतं. ‘लागतच नाही’ ही विकणाऱ्याची भाषा. पैसे देण्याआधी प्रमाणित वायूच्या सिलिंडरवर मीटर तुमच्यासमोर तपासून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर घेऊ नका, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला विचारा.